जीप मोडताना पाहिले कोणी?

ती जीप अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रंग उडालेली, मागचा दरवाजा तारेने बांधलेला, आणि आरशाला लटकवलेली भाताची एक वाळकी लोंबी. माझ्या नोकरीत शेकडो गाड्या जप्त झाल्या. बाकीच्या विसरलो, ही विसरता आली नाही.

पोलीस खात्यातल्या नोकरीची शेवटची वर्षे मी डहाणू-तलासरी भागात काढली. निवृत्त झाल्यावर या प्रकरणाचा किस्सा दोन-तीन ठिकाणी सांगितला, एकदा नव्या फौजदारांसमोरही सांगितला. सगळीकडे टाळ्या मिळाल्या. मी सांगितलेले खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे आज लिहितो. कोणाचेही नाव घेत नाही. ज्याचे नाव घ्यायला हवे त्याला मी एकदा नको तितके नाव मिळवून दिले आहे.

जुन्या डिझेल गाड्यांचा धूर कमी करण्यासाठी तेव्हा सरकारची एक योजना चालू होती. जुनी गाडी ठरवून दिलेल्या भंगार केंद्रात न्यायची, तिथे ती तोडायची, तिची नोंदणी रद्द व्हायची आणि नवी सीएनजी गाडी घेण्यासाठी मालकाला अनुदान मिळायचे. योजना चांगली होती, हे आधीच सांगतो. कासा ते वरचे पाडे या चढावर जुन्या जीपमागे मोटारसायकल चालवली असेल, तर शर्टाचा रंग बदललेला तुम्हीही पाहिला असेल. अट एकच होती. गाडी तुटताना मालकाने समोर उभे राहायचे आणि माझ्यासमक्ष तुटली अशी सही द्यायची.

एका दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा माणूस हायवेवर पंक्चर काढायचा आणि कोड्यात बोलायची त्याला खोड होती.

"साहेब, मेलेली गाडी चालतेय."

"नीट बोल."

"तोडलेली जीप हो. मजूर भरून गुजरातकडे जाते. नंबर प्लेट तिकडची, पण गाडी आपल्याकडची. मी तिच्या टायरला हात लावलाय, मला फसवणार काय कोण?"

तलासरीच्या पुढे आम्ही नाकाबंदी लावली. तासाभरात जीप आली. माझ्या हवालदाराने बॉनेट उघडले, चासीवरचा गंज चिंधीने पुसला आणि नंबर वाचला. हवालदार बोर्डीचा, अतिशय शांत माणूस. आरटीओकडून माहिती घेतली तर त्या नंबरची जीप कागदोपत्री आधीच मोडीत निघालेली. ड्रायव्हर म्हणाला, एका एजंटाकडून घेतली, एजंट कोण ते माहीत नाही. तो एजंट पुढे बरेच दिवस सापडला नाही.

सापडला तो मूळ मालक. कासा-चारोटीच्या पूर्वेला डोंगरातल्या एका पाड्यावर त्याचे घर. घरची भात-नागलीची शेती, आणि जोडीला पाड्यावरून कासा बाजारात आणि रुग्णालयात माणसे नेणारी जीप. त्याच जीपच्या बदल्यात अनुदान घेऊन त्याने नवी सीएनजी गाडी घेतली होती. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात उभी होती, सीटवरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते.

माझ्या दृष्टीने प्रकरण सरळ होते. जीप मोडली असे लिहून द्यायचे, अनुदान घ्यायचे, जीप परत विकायची. मी त्याला अटक केली आणि नवी गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणून उभी केली.

चौकशीला मी स्वतः बसलो.

"जीप तुटताना तू होतास?"

"नाय साहेब."

"मग समोर तुटली म्हणून सही कशी केलीस?"

"भंगारवाला शेठ बोलला, सही कर नि जा. केली."

"का गेलास? थांबायला काय झालं होतं?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "तिला कुंकू लावलं, नारळ दिला नि पाठ फिरवली. मागं नाय बघत आमच्यात."

"जीपला?"

"तिनंच घर चालवलं साहेब."

मला हसू आले. आजही माझ्या त्या हसण्याचा आवाज मला ऐकू येतो. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिले, 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देत आहे.' हे वाक्य आम्ही पोलीस इतक्या वेळा लिहितो की लिहिताना पेन आपोआप पुढे जातो.

रिमांड झाली. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, त्याच्या नावानिशी, गावानिशी. त्याची बायको रोज सकाळच्या शेअर जीपने यायची आणि ठाण्याच्या दारात बसायची. रडली नाही, हात जोडले नाहीत. एकदाच मला अडवून म्हणाली, "गाडी ठेवायची तर ठेवा साहेब, पण चोर नका बोलू. बाजारात बायका मला विचारतात, सरकारच्या पैशाची गाडी गोड लागते का गं."

मी म्हणालो, "कोर्ट ठरवेल."

"कोर्ट आमच्या बाजारात येतं का?" ती म्हणाली.

त्याला जामीन मिळाला. मग त्याच्या वकिलाने नवी गाडी सुपूर्तनाम्यावर परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. म्हणजे गाडी मालकाच्या ताब्यात राहते, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. अशा अर्जावर तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवतात. मी विरोध केला. कारण लिहिले, तपास अपुरा आहे. खरे कारण असे की त्याने कबुली दिली नव्हती आणि मला त्याचा राग होता. ज्या माणसाचे म्हणणे आपल्याला कळत नाही त्याचा आपल्याला राग येतो, हे मी फार उशिरा शिकलो. माझे म्हणणे पाहून अर्ज फेटाळला गेला. पावसाळाभर ती गाडी ठाण्याच्या कुंपणालगत पाण्यात उभी राहिली.

पावसाळा संपता संपता जमिनीच्या हद्दीच्या एका भांडणाचा पंचनामा करायला आम्ही दुसऱ्याच एका पाड्यावर गेलो. पंच म्हणून ज्या म्हाताऱ्याला बोलावले होते तो म्हणाला, "थोडं थांबा साहेब, बैलाला वाटेला लावायचं आहे." बैल थकला होता, त्याला पांजरपोळात पाठवायचे होते. आम्ही सावलीत बसलो.

म्हाताऱ्याने बैलाचे पाय धुतले. बायकोने कपाळाला कुंकू लावले, नागलीची भाकर चारली. शिंगाला नव्या भाताची लोंबी बांधली. मग म्हाताऱ्याने दावे न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिले आणि घरातली सगळी माणसे एकदम पाठ फिरवून ओटीवर चढली. बैल दोनदा हंबरला. म्हाताऱ्याचे खांदे हलले, पण मान वळली नाही.

बैल दिसेनासा झाल्यावर मी विचारले, "बाबा, मागं का बघितलं नाही?"

"आपण बघितलं की त्याचा पाय अडतो. त्याला वाटतं बोलावतात. मग ओढत न्यावं लागतं, मारावं लागतं. बघायचं नाय. त्याच्यासाठी नाय बघायचं."

हवालदार माझ्याकडे बघत होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "जीपच्या आरशाला लोंबी होती."



दुसऱ्या दिवसापासून मी ते काम केले जे सुरुवातीला करायला हवे होते. त्याच भंगार केंद्रात ज्यांनी ज्यांनी गाड्या दिल्या त्यांच्या घरी गेलो आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. डहाणूचे रेल्वेतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे काय, उभा राहिलो. फोटो काढले, पाहायचेत?" बोर्डीचे चिकूच्या वाडीवाले म्हणाले, "मी तर टेम्पोचा हॉर्न आठवण म्हणून मागून घेतला." हे सगळे थांबले होते. डोंगरातल्या मालकांपैकी मात्र एकही थांबला नव्हता. सगळे सारखेच बोलले, "बघवत नाय साहेब."

आम्ही केंद्रावर छापा घातला. शेठ हसतमुख माणूस. "बेसो ने साहेब, चा मंगावू?" मी सरळ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तिथे ताडपत्रीखाली जीपा उभ्या होत्या, धडधाकट. ताडपत्री ओढली तर एकेका बॉनेटवर वाळलेले कुंकू. शेठने ते पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

चौकशीत त्याने फार वेळ घेतला नाही. एजंटाचे नावही दिले. मी विचारले, "याच गाड्या का निवडल्या? शहरवाल्यांच्या का नाही?"

"साहेब, शहरवाला शेवटचा नट निघेपर्यंत हलत नाही," तो अगदी सरळपणे म्हणाला. "हे लोक मागे वळून बघतच नाहीत. मला वाटलं, देवानेच दिलं."

त्याची विक्री थांबली, गाड्या सापडल्या, मला प्रशस्तिपत्र मिळाले. किस्सा मी इथपर्यंतच सांगत असे.

पुढचे असे. जीपवाल्याचे नाव मी आरोपींतून वगळले. कोर्टात अहवाल दिला, त्यात लिहिले, 'पुराव्याअभावी.' हा खात्यातला नेहमीचा शब्द. त्याचा अर्थ बाजारात असा होतो की केलं असणार, सापडलं नाही. तो निर्दोष होता, त्याने प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर दिले होते आणि ते मला कळले नव्हते, असे लिहायला खात्यात रकाना नव्हता. पण पाड्यावर जाऊन चार माणसांसमोर सांगायला रकाना लागत नाही. मी गेलो नाही. वर्तमानपत्रात सुटकेची बातमी आली नाही. मीही कोणाला फोन केला नाही.

नवी गाडी त्याला परत मिळाली तेव्हा वायरिंग उंदरांनी कुरतडले होते, सीटवर बुरशी होती. ती तो दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत घेऊन गेला. चौकशीत तो म्हणाला होता की जुन्या जीपच्या धुराने दम्याची माणसे रुग्णालयात पोहोचायच्या आधीच बेजार होत, म्हणून योजनेत नाव दिले. त्या पावसाळ्यात पाड्यावरच्या माणसांना कासा रुग्णालयात कोणी नेले, हे मी विचारले नाही. विचारायची हिंमत नव्हती.

खटला उभा राहिल्यावर जुन्या जीपची विल्हेवाट लावण्याचा कोर्टाचा हुकूम आला. तिची नोंदणी रद्द झालेली, म्हणून ती दुसऱ्या केंद्रात पोलिसांसमक्ष तोडायची होती. मालकालाही बोलावणे गेले. तो आला, एकटाच. कुंकवाची पुडी आणि नारळ घेऊन. आरशावरची लोंबी अजून तिथेच होती, दाणे कधीच गळालेले. ती त्याने सरळ केली. दुसऱ्यांदा कुंकू लावले. मग माझ्याकडे आला. जामिनावर सुटल्यापासून तो माझ्याशी एकही शब्द बोलला नव्हता.

"साहेब, कोणीतरी बघाया पाहिजे ना. मागल्या वेळी कोणी बघितलं नाय म्हणून झालं."

"हो."

"मग तुम्ही बघा. माझ्याच्यानं नाय होणार."

तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. कामगारांनी गॅस कटर पेटवला. दरवाजा गेला, टप गेला, इंजिन उचलून बाजूला ठेवले. चासीवरचा नंबर कापून माझ्या हातात दिला, तो अजून गरम होता. हवालदार म्हणाला, "साहेब, उन्हातून बाजूला या, पंचांच्या सह्या झाल्या." मी हललो नाही. लोखंडाचा ढीग होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मग फाटकापाशी गेलो. मला त्याची माफी मागायची होती. वाक्य मनात जुळवून ठेवले होते.

"गेली?" त्याने न वळता विचारले.

"गेली," मी म्हणालो. "पूर्ण बघितलं."

त्याने मान हलवली आणि तो तसाच रस्त्याकडे चालत गेला. वाक्य माझ्याजवळच राहिले. त्याला हाक मारावी असे फार वाटले. पण हाक मारली असती, तर त्याला मागे वळून बघावे लागले असते.