चाचांचा धुरा

माऊसवरचा हात उचलून ते आधी नुसते पडद्याकडे बघत बसायचे. मग म्हणायचे, "धुरा सोड, बेटा."

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मूळचे अकोल्याचे, अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. रुग्णाच्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यातल्या पेशींचा नकाशा संगणकावर उघडायचा आणि त्यावर दोन गोल काढायचे: एक रोगट भागावर, एक चांगल्या भागावर. मग मशीन दोन्हींची तुलना करतं. तुम्ही म्हणाल, गोल काढायला काय अक्कल लागते? मीही म्हणायचे.

रोगट आणि चांगला भाग जिथं भिडतात त्या पट्ट्याला चाचा धुरा म्हणायचे, दोन वावरांमधल्या बांधाला म्हणतात तसं.

"काहून सोडायचा?" मी एकदा चिडून विचारलं.

"धुऱ्यावर दोन्हीकडचं बी पडते. मंग कोनाले कोनासंग ताडून पाहशीन?"

एका कापाला तास लावायचे! मी मनातल्या मनात बोटं मोडायचे. पण त्यांनी पुसलेला माझा गोल खरोखरच चुकलेला असायचा.

त्या उन्हाळ्यात त्यांचा डबा तसाच परत जाऊ लागला. तिखट सोसत नाही म्हणायचे. एका दुपारी त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला.

"हा माया गाल हाय. रोगाचा गोल म्या काढला. चांगला तू काढ. मले जागाच दिसून नाही राहिली."

पडद्यावरचा काप त्यांच्याच गालातल्या गाठीचा होता. आपल्यात थोडं तरी धड उरलंय का, एवढंच त्यांना हवं होतं. मी काप इकडून तिकडून पाहिला. शेवटी अगदी कडेला, धुऱ्यावरच, गोल काढला. चुकतंय हे मला कळत होतं. चाचांनी तो पाहिला, पण पुसला नाही.

मशीननं दोन्ही गोल सारखेच रोगट दाखवले.

"मशीन बिघडलं, चाचा."

"मशीन चांगलं हाय, बेटा. सकाळीच तपासलं म्या."

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. इतर रुग्णांच्या उरलेल्या सगळ्या कापांवर माझ्याकडूनच गोल काढून घेतले, उगाच घाई असल्यासारखे. संध्याकाळी मला म्हणाले, "तू हो पुढं, मी बंद करतो."

त्यानंतर ते आलेच नाहीत. दिवाळीआधी त्यांच्या घरून ते गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जिन्यात बसून ढसाढसा रडले.

मग त्यांची फाईल उघडली. रोगाचा गोल होता. माझा त्यांनी पुसून टाकला होता. मी तो पुन्हा काढायला माऊस हातात घेतला, आणि मला कुठंच जागा सापडली नाही.