दोन बोटं थिनर
घरी कपाटाला पॉलिश करायला आलेल्या पॉलिशवाल्यानं थिनरचा डबा उघडला आणि वासासरशी मला लातूरचा कारखाना आठवला. रंगाच्या कंपन्यांतलं वापरलेलं, घाण थिनर आम्ही उकळायचो आणि वाफ थंड करून स्वच्छ थिनर पिंपात भरायचो. संध्याकाळी मी पिंपात काठी बुडवून खूण करायचो. सकाळी थिनर दोन बोटं खाली असायचं. चोर मी मनात ठरवूनच टाकला होता, रात्रपाळीचे चाचा. एका सकाळी फाटकावर त्यांना जेवणाचा डबा उघडायला लावला. आत भाकरीचा अर्धा तुकडा. "साहेब, थिनर आपण गरमच भरून राहिलो की. थंड झालं का आकसून खाली बसतंय ते," चाचा म्हणाले. खरंच होतं, तरी मी माफी मागितली नाही. पुढं ते रोज, न सांगता, फाटकावर डबा उघडून दाखवायचे. आज पॉलिशवाला पिशवी आवरू लागला, तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहिलो.