चोवीस तासांची जळजळ

सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार चुकेवाला म्हणायचा. कारण साधं होतं. कापड ताणून लाकडावर ठोकायच्या बारीक चुका तो तोंडात धरायचा, जिभेने एकेक पुढे सारायचा आणि हातोडीच्या चुंबकाने टिपून ठोकायचा. दुकानात आलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं उत्तर मिळायचं ते फक्त भुवयांनी. बायको म्हणायची, "तोंडात चुका असतात तोवर हा माणूस बरा. तोंड रिकामं झालं की पडतात त्या वेगळ्याच चुका."

हातात मात्र कसब होतं. त्याने बसवलेल्या कापडावरच्या रेघा पाठीवरून बैठकीवर आणि बैठकीवरून खाली अशा उतरायच्या, की जोड कुठे आहे ते हात फिरवूनच शोधावं. बावीस वर्षं तो हेच करत होता. असा माणूस पन्नाशीला टेकल्यावर जळायला लागला, आणि जळला तो कोणावर? सख्ख्या साडूवर.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका कारखान्यात भांडार सांभाळायचा. कारखाना बंद पडला आणि हा माणूस चार महिने घरात भिंतीकडे बघत बसला. मग लहानपणापासूनचा नाद होता म्हणून त्याने घड्याळं दुरुस्त करायचं दुकान थाटलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने बाहेर थांबून मान आत घालायची. चुकेवाल्याने तेव्हा मोठ्या मनाने त्याला एक खुर्ची नवी करून दिली होती. मन मोठं करणं तेव्हा सोपं होतं, कारण साडू पडलेला होता. पडलेल्या माणसावर माया करायला फारसं काही लागत नाही.

मग साडू फोनवर स्टेटस टाकायला लागला. रोज तीन, ना कमी ना जास्त. सकाळी एक बंद घड्याळ, ते किती वाजता थांबलं आणि कोणाच्या घरात, एवढंच. दुपारी त्याच घड्याळाचं उघडं पोट आणि त्यातलं एखादं दात तुटलेलं चाक. संध्याकाळी आठ सेकंदांची टिकटिक, आणि वरच्या बाजूला दुकानाची वेळ. दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप नाहीसं व्हायचं आणि नवं घड्याळ यायचं.

सगळं नातंगोतं त्यावर लुब्ध झालं. चहाच्या वेळी बायको म्हणायची, "भाऊजींनी आज टपाल कचेरीतलं घड्याळ उघडलंय. पुढे काय होतंय कोणास ठाऊक!"

"घड्याळ आहे ते," चुकेवाला म्हणायचा. "पुढे काय होणार? वाजणार."

दोघं एकाच धंद्यात असते तर या जळण्याला काही अर्थ तरी होता. घड्याळवाल्याने सोफेवाल्याचं एक गिऱ्हाईक पळवलं नव्हतं. पण ज्या लग्नात पूर्वी लोक चुकेवाल्याला विचारायचे, "काय, काम कसं चाललंय?" त्याच लोकांनी आता त्याला विचारलं, "तुमच्या साडूंच्या त्या पितळी घड्याळाचं काय झालं हो?" त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी त्यानेही स्टेटस टाकायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी चौतीस फोटो. दुकानातल्या कापडाचा एकूण एक तागा, एकेका रंगाला एकेक फोटो. खाली पिवळ्या अक्षरांत दुकानाचा नंबर. दुपारी त्याने किती जणांनी बघितलं ते बघितलं. पहिला फोटो एकशे ऐंशी जणांनी, शेवटचा अकरा जणांनी.

"उरलेले एकशे एकोणसत्तर गेले कुठे?" तो बायकोवर ओरडला.

"पंधराव्या फोटोला अंगठा दुखला असेल त्यांचा."

मग त्याने 'आज संध्याकाळपर्यंत शिलाई मोफत' असं टाकलं, तेही दुपारी चार वाजता. निम्म्या लोकांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं आणि चौघे जण भांडायला आले. वरातीमागून घोडं निघालं, आणि लाथ बसली घोडेवाल्याला. मग साडूची टिकटिक चालते तर आपली ठकठक का चालू नये, म्हणून त्याने हातोडीचा आवाज टाकला. मेव्हणीने फोन करून सांगितलं की तिच्या सासूबाई दोनदा दार उघडून बघून आल्या.

"लोकांना कळत नाही," चुकेवाला म्हणाला. "फोटोला नजर लागते."

नाचता येईना अंगण वाकडं, हे बायकोच्या ओठांवर आलं होतं. पण तिने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

आणि एवढं करून हा माणूस दिवसभर फोनवर काय बघायचा? स्वतःला आलेले निरोप नव्हे. साडूचं स्टेटस. सकाळी सात वाजून चार मिनिटांनी ते यायचं, आणि हा सात वाजल्यापासून फोन धरून बसलेला असायचा. आज तरी फोटो हलावा, आज तरी घड्याळ बिघडावं, अशी त्याची मनोमन इच्छा. फोटो कधी हलायचा नाही.

एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका बाई दुकानात आल्या. त्यांचं सगळं सामान वर्षानुवर्षं चुकेवाल्यानेच केलेलं. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माझ्या वाचायच्या खुर्चीबद्दल तुमच्या स्टेटसवर तीनदा लिहिलं. उत्तर नाही. मला वाटलं, दुकान बंद केलंत. बरं तर बरं, घड्याळवाल्यांकडे गेले होते. ते म्हणाले, दुसरीकडे जाऊ नका, असा हात गावात नाही. म्हणून आले."

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. चुकेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझं गिऱ्हाईक, माझं बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, आता त्याने माझ्याकडे पाठवायचं? वर माझी तारीफ करून? शिवी दिली असती तर परवडलं असतं.

बाई गेल्या तशी त्याने काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'कारखान्यातून हाकललेले लोक आज कारागीर म्हणून मिरवतात. कारागीर हात झिजवून होतो, फोटो काढून नव्हे.' नाव कुठेच नव्हतं. आणि उद्या पुसलंच जाणार होतं.

तासाभरात नव्वद जणांनी ते वाचलं. एवढ्या लवकर एवढे डोळे त्याच्या कुठल्याच फोटोवर पडले नव्हते. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. तो आकडा ब्याण्णववर गेला, तेव्हा बायको दुकानाच्या दारात उभी होती. तिच्या हातातल्या फोनवर त्याच अक्षरांचा फोटो होता. ताईने पाठवलेला. त्याखाली ताईने काहीच लिहिलं नव्हतं.

"पुसतो," तो म्हणाला. "आत्ता पुसतो."

"पुसा की. ताईच्या फोनमध्ये आहे, मामांच्या फोनमध्ये आहे, माझ्या फोनमध्ये आहे. कुठे कुठे फडकं फिरवाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दुकानात आला. चुकेवाला बाईंच्या खुर्चीच्या सांगाड्यावर नवा पट्टा ठोकत होता, तोंड चुकांनी भरलेलं. त्या थुंकाव्यात की गिळाव्यात हे त्याला कळेना. साडूने एक स्टूल ओढलं आणि तो बसला.

"हाकललं हे खरं आहे," साडू म्हणाला. "फोटो काढून कारागीर होत नाही, हेही खरं. मलाही रोज सकाळी दुकान उघडताना तेच वाटतं."

चुकेवाल्याची हातोडी हवेतच राहिली.

"एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. माझं स्टेटस कोण बघतं ते मला दिसतं, साडूभाऊ, वेळेसकट. रोज सात वाजून चार मिनिटांनी पहिले तुम्ही. मी हिला म्हणायचो, बघ, आपल्या माणसाला केवढं कौतुक आहे."

चुकेवाल्याने चुका एकेक करून हातावर काढल्या. त्याला माफी मागायची होती. तोंडून निघालं ते एवढंच, "चहा घेणार?"

"घेतो. आधी हे बघा." साडूने आपला फोन पुढे केला. "तुमचं दुकान माझ्या फोनवर कसं दिसतं ते तुम्ही कधी बघितलंयत का?"

त्याने खरंच कधी बघितलं नव्हतं. आदल्या दिवशी टाकलेल्या ताग्यांच्या फोटोंच्या वर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक बारीक तुकडे होते, त्यातला एकेक तुकडा म्हणजे एकेक फोटो. आणि खाली, जिथे बघणाऱ्याने उत्तर लिहायचं असतं, त्या पट्टीने त्याचा पिवळा नंबर अर्धा झाकून टाकला होता. इतके दिवस त्याने आपला नंबर लोकांपासून लपवून ठेवला होता, आणि लोक फोन करत नाहीत म्हणून लोकांना शिव्या दिल्या होत्या.

"एका दिवशी एकच खुर्ची दाखवा," साडू म्हणाला. "उघडी करून. आत काय आहे ते बघायला माणसाला आवडतं. आणि कोणी विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. दुसऱ्या दिवशी प्रश्नही गेलेला असतो आणि माणूसही."

साडू गेल्यावर चुकेवाल्याने बाईंना फोन लावला. खुर्चीच्या बैठकीखाली एक कंगवा, दोन पेन्सिली, बुद्धिबळातलं एक प्यादं आणि घडी घातलेली एक चिठ्ठी सापडली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाई, प्रयोगशाळेची काच मीच फोडली.' खाली एका मुलीची सही. बाई फोनवर बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "दाखवा लोकांना. तिचं नाव तेवढं झाका."

त्या दिवशी त्याने तीनच फोटो टाकले: फाटकी खुर्ची, आतल्या वस्तू, आणि नवं कापड. नंबर वर, ठळक. चाळीस जणांनी लिहिलं. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी काच फोडणारीचं नाव ओळखायची पैज लावली. चुकेवाल्याने तोंडातल्या चुका डबीत ठेवून चाळीसही जणांना उत्तरं दिली. महिन्याभरात दुकानाबाहेर दुरुस्तीच्या खुर्च्यांची रांग लागली.

जळजळ गेली का? छे! औषध लागू पडलं म्हणून वैद्याचा राग थोडाच जातो? उलट आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर त्याला आठवायचं की ही अक्कल कोणाची आहे.

त्यात बाजारातल्या दुकानदारांच्या मंडळाने एका रविवारी सकाळी भाषण ठेवलं, 'स्टेटसवर धंदा करताना होणाऱ्या चुका'. बोलायला कोण? साडू. चुकेवाला गेला आणि चौथ्या रांगेत हाताची घडी घालून बसला.

"एका दुकानदाराने पहिल्याच दिवशी चौतीस फोटो टाकले," साडू म्हणाला. लोक हसले. "संध्याकाळपर्यंतची सूट त्याने चार वाजता जाहीर केली. वरातीमागून घोडं!" लोक आणखी हसले. नंबर पट्टीखाली पुरल्याची गोष्ट आली, तेव्हा शेजारचा पडदेवाला चुकेवाल्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय एकेक नमुने असतात!"

चुका माझ्या आणि टाळ्या त्याला, चुकेवाल्याच्या मनात आलं.

मग साडूचा आवाज उतरला. "आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे रागात लिहिणं. उद्या पुसलं जाईल म्हणून. लोकांच्या मनातून ते पुसलं जात नाही. ती चूक मीच केली होती एकदा."

हे मात्र चुकेवाल्याला सोसेना. तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सभागृहभर झाला.

"खोटं बोलतायत ते," तो म्हणाला. "ती चूक माझी. चौतीस फोटोही माझे, घोडंही माझं. या माणसाकडे स्वतःची म्हणून एक चूक नाही, तर माझ्या वापरतायत!"

आधी पडदेवाला हसला, आणि त्याच्या मागून सगळं सभागृह. टाळ्या इतका वेळ चालल्या की साडूला पुढचं बोलताच आलं नाही. चहाच्या वेळी चुकेवाल्याभोवती घोळका जमला, आणि जो तो आपापल्या चुका त्याला सांगायला लागला.

दारात साडूने त्याला गाठलं. "उभं राहायची काही गरज नव्हती. मी घेतली होती ना माझ्या अंगावर."

"होती गरज," चुकेवाला म्हणाला. "सगळंच तुम्ही घेणार का?"

साडू हसला आणि त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चुकेवाल्याने तो काढला नाही.

घरी बायको वाट बघत होती. "कसं झालं भाऊजींचं भाषण?"

त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, टॉवेलने तोंड पुसलं.

"बरं बोलले," तो म्हणाला. "जरा लांबवलं."