सासूबाईंची नसलेली वही

गुरुवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळचे सात. वहीची पानं चहाच्या पाण्यात बुडवून काढली आणि बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली आहेत. शंभर पानी, एकेरी रेघांची, आजच दुकानातून आणलेली वही. वाळली की ती वीस-पंचवीस वर्षांची दिसायला हवी. एका पानावर पाणी जास्त झालं, ते फाटलं. बाकीची बरी निघाली.

हे मी का करते आहे, ते आजपर्यंत कोणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला जिन्यात भेटणार नाही.

माझं वय चोपन्न. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मालाची चलनं लिहिते आणि ट्रकवाल्यांशी भांडते. नवीन पनवेलला आमची सोसायटी आहे, तिची सेक्रेटरी अकरा वर्षं मीच. जिन्यात चपला काढणाऱ्यांना नोटीस, गच्चीवर वाळवण विसरणाऱ्यांना नोटीस. जिन्यात बसून मोबाइलवर कार्टून बघणाऱ्या मुलांसाठीही एक नोटीस लावली होती — ‘असल्या गोष्टींनी मुले बिघडतात’ असं स्पष्ट लिहून, खाली माझी सही. ती नोटीस नसती तर पुढचं काही झालं असतं का? झालं असतं. मी मीच आहे.

चार वर्षांपूर्वी एसटी स्टँडसमोर रिक्षातून उतरताना माझा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. हे सकाळी कामाला जायचे, ते संध्याकाळी यायचे. समोरच्या दारात रंजना राहते — मूळची उरणकडची, नवरा बंदरात कामाला. तिची मुलगी तेजल तेव्हा नुकतीच दहावी झालेली. रंजना तिला दुपारी माझ्याकडे पाठवायची, पाणी-चहा बघायला. पोरगी टॅब घेऊन यायची आणि कोपऱ्यात बसून तेच बघायची, ज्याच्याविरुद्ध मी नोटीस लावली होती. जपानी कार्टून. ती म्हणायची, “काकू, कार्टून नाही, ॲनिमे.” मी म्हटलं, नाव बदलून काय होतं? पण पाय उशीवर, भिंतीकडे किती वेळ बघणार? चौथ्या दिवशी मीच तिला आवाज मोठा करायला सांगितलं.

पहिलं पाहिलं ते एका उंच उडी मारणाऱ्या मुलीचं. ती दर वेळी काठी पाडते. शाळाभर हसतात. तिची शिक्षिका तिला सांगते की काठी पडली हे बघू नकोस, तू पळायला सुरुवात कुठून केलीस ते बघ. आणि ती मुलगी पुढचे सहा भाग नुसती पावलं मोजते. सहा भाग! उडी नाहीच. मला वाटलं होतं मी कंटाळेन. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी टाच उचलण्याचा व्यायाम दिला, रोज तीनदा तीस-तीस. मी असल्या गोष्टी चार दिवसांत सोडते. तो सोडला नाही. आज मी लंगडत नाही, हे त्या मुलीमुळे — हे मी गंभीरपणे सांगते आहे, हसू नका.

मग दुसरं, खानावळीतल्या पोऱ्याचं. तो वर्षभर फक्त भांडी घासतो, आणि कोणत्या गिऱ्हाइकाने ताटात काय टाकलं ते आचाऱ्याच्या आधी त्याला कळतं. मग एका हरणाऱ्या संघाचं. ते प्रत्येक सामना हरतात आणि प्रत्येक वेळी मैदान झाडून निघतात. चोपन्न वर्षांत — तेव्हा पन्नास — मला कोणी इतक्या साधेपणाने काही शिकवलं नव्हतं. प्रवचनं ऐकली आहेत, त्यात झोप येते. इथे कोणी उपदेश करत नव्हतं. लोक काम करत होते, चुकत होते, पुन्हा करत होते. तेजल मधूनमधून थांबवून मला जपानी शब्द सांगायची. तिला ते शब्द नुसते पाठ नव्हते, आवडायचे. एकेक शब्द ती गोळीसारखा तोंडात घोळवायची.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

सोसायटीच्या प्रवेशदारात एक फळा आहे. त्यावर रोजचा सुविचार मी लिहिते. पाय बरा झाल्यावर पहिल्या दिवशी खडू हातात घेतला आणि जुनी सुविचारांची पुस्तिका सापडेना. मी लिहून टाकलं — ‘काठी पडली हे बघू नका, पळायला सुरुवात कुठून केली ते बघा.’ चेअरमन साठे दूध घेऊन येत होते. ते थांबले. चष्मा वर करून दोनदा वाचलं.

“वा! कोणाचं वचन?”

सरळ सांगायला काय झालं होतं? मागच्या भिंतीवर माझी नोटीस होती, माझ्या सहीची. मी म्हटलं, “आमच्या सासूबाई म्हणायच्या.”

माझ्या सासूबाई वारल्या त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. बाई वाईट नव्हत्या, पण बोलत नसत. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत त्यांनी मला केलेला उपदेश म्हणजे ‘गॅस बारीक कर’. उंच उडी त्यांनी कधी पाहिलीही नसावी.

लोकांना सासूबाई आवडल्या. भांडी घासणाऱ्याचं वाक्य लिहिलं, तेव्हा दोन मजल्यांवरच्या बायकांनी फोटो काढले. कोणीतरी विचारलं, एवढं सगळं तुमच्या लक्षात कसं राहिलं? मी म्हटलं, त्यांची एक वही आहे. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

आणि मग आमचे हे. फळा वाचून एकदा वर आले आणि टेबलाशी बसून राहिले. म्हणाले, “आई असं बोलायची? मला कधी बोलली नाही.” मग म्हणाले, “तुला सांगायची म्हणजे... बरं वाटलं.” त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं की माझं आणि त्यांच्या आईचं पटत नव्हतं. खरंच पटत नव्हतं. मी पोळी उलटली. आता सांगा, त्यानंतर ते खोटं परत कसं घ्यायचं? त्यांच्या हातातून आई काढून घ्यायची? मी दार बाहेरून लावून घेतलं होतं आणि आत मीच होते.

तेजलला अर्थात पहिल्याच दिवशी कळलं. फळ्यासमोर उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाली, “काकू, सातवा एपिसोड!” मी म्हटलं, “गप.” ती खुदकन हसली. तिला ती आमची गंमत वाटली. दर आठवड्याला ती मला नवीन काहीतरी दाखवायची, मी त्यातलं एखादं वाक्य उचलायची, आणि फळ्यासमोरून जाताना ती मला डोळा मारायची. पन्नाशीच्या बाईला डोळा मारणारं दुसरं कोण असतं? मला ती हवीहवीशी वाटायची. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मला ती आवडत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी महिला दिनाला गच्चीवर कार्यक्रम होता. खुर्च्या, माइक, वडे. मी ‘सासूबाईंची शिकवण’ या विषयावर बोलले. बायका मान डोलावत होत्या. तेजल शेवटच्या रांगेत बसली होती, ओठ दाबून हसत. माझं भाषण संपलं आणि रंजना उठली. ती कधी माइकवर बोलत नाही. पदर सावरून म्हणाली,

“ताई, आमी अडाणी मानसं. ही पोरगी दिसभर ती जपानी कार्टुनं बघते, आता म्हंते जपानी भाषेचा क्लास लावायचा. पुढच्या साली बारावी हाय. हिचा बाप म्हंतो, ताईंना इचार, ताई सांगतील ते करू. तुमच्या सासूबाई काय बोलल्या असत्या?”

बायका हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “जपानला सून म्हणून जाईल गं तुझी पोर!” तेजल मात्र उठून उभीच राहिली. तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, सुटले. सगळ्या पनवेलमध्ये एकच माणूस असं होतं ज्याला माहीत होतं की त्या गोष्टींत काय आहे, आणि तिच्या नशिबाने निवाडा त्याच माणसाकडे आला होता. ती म्हणाली, “हो, आई, काकूंनाच विचार. काकूंना सगळं माहितीये.”

काकूंना सगळं माहितीये. आणखी एक वाक्य ती बोलली असती, तर? चाळीस बायका, माइक, पहिल्या रांगेत माझा नवरा. मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. विचार केला. पुरेसा वेळ होता. रंजनाला एवढंच सांगायचं होतं की क्लास लाव, पोरगी हुशार आहे. सासूबाईंच्या नावाने सांगितलं असतं तरी चाललं असतं! खोटंही शाबूत राहिलं असतं. पण मला तेजल गप्प व्हायला हवी होती, तिथल्या तिथे, आणि कायमची. तिने पुन्हा कधी काही म्हटलं तर पोर रागाने बोलते आहे असं लोकांना वाटायला हवं होतं.

मी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “सासूबाई म्हणायच्या, चित्रातल्या भाताने पोट भरत नाही.”

टाळ्या पडल्या. मी पुढेही बोलले. टॅब काढून घे म्हणाले. आत्ता सोडवलं नाहीस तर पोरगी हातची जाईल म्हणाले. सासूबाईंच्या तोंडी घातलेल्या सगळ्या वाक्यांत हे एकच मी स्वतः बनवलेलं होतं.

तेजल बसली. काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, आजपर्यंत नाही. मी तिच्याबद्दल जी भीती धरली होती, ती तिला समजलीसुद्धा नसावी. चाडी करणं तिच्या मनातच नव्हतं.

रंजनाने टॅब कपाटात ठेवला. क्लास लागला नाही. बारावी झाली, मुलगी बाहेरून बी.कॉम. करू लागली, आणि रंजना पुन्हा माझ्याकडे आली — ताई, कुठं चिकटवा तिला. मी चिकटवली. माझ्याच ऑफिसात. सव्वा वर्ष झालं, ती माझ्या समोरच्या टेबलावर चलनं लिहिते. सकाळी आम्ही एकाच शेअर रिक्षात बसतो, गुडघ्याला गुडघा लावून. दुपारी समोरासमोर डबा उघडतो. ती “काकू, लोणचं घ्या” म्हणते. व्यवस्थित बोलते. डोळा मारत नाही. आठ तास ती माझ्यासमोर असते आणि मला मान वर करायला जागा नसते. तिला दुसऱ्या टेबलावर बसवता येईल का, हेही मी मालकांना विचारून पाहिलं. जागा नाही म्हणाले.

आज दुपारी गोडाउनमध्ये एका यंत्राचं खोकं उतरलं. त्यावर जपानी अक्षरं होती. तेजल चलन घेऊन सही करायला गेली होती, मी दारात होते. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचू लागली. तीन अक्षरं लागली, चौथ्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हमाल म्हणाला, “काय मॅडम, मंत्र म्हणता का?” ती हसली. मग तिला मी दिसले. तिने बोट काढलं आणि हात ओढणीला पुसला, काहीतरी चोरून खाताना सापडल्यासारखा.

तिने सोडलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. कशावरून शिकते आहे, कोणाच्या फोनवरून, कोण जाणे.

वहीचं कारण असं की सोसायटीला पंचवीस वर्षं होत आहेत, स्मरणिका निघते आहे. साठ्यांना सासूबाईंच्या वहीच्या पानाचा फोटो हवा आहे, त्यांच्या हस्ताक्षरात. मुखपृष्ठासाठी एक वाक्य कमिटीने एकमताने निवडलं आहे. कोणतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल — चित्रातल्या भाताचं. आमच्या यांनी आईची जुनी पत्रं काढून दिली आहेत, वहीतलं अक्षर त्यांच्याशी ताडून बघायचं म्हणून नव्हे, शेजारी छापायची म्हणून. म्हणजे मी आता मेलेल्या बाईचं अक्षर गिरवणार, आणि ते वाक्य छापून घरोघर जाणार, रंजनाच्या घरीही. तेजल ते टीपॉयवर बघणार.

मी घाबरट आहे. एका सतरा वर्षांच्या मुलीच्या भरवशाला मी चाळीस बायकांसमोर लाथ मारली, आणि तिला वाचवण्यासाठी नाही, माझं नाव वाचवण्यासाठी. कबुली एवढीच आहे. फळा, वही, सासूबाई हे सगळं त्यामानाने किरकोळ.

शुक्रवार दुपार. वहीत एक अक्षरही गिरवलं नाही. सकाळी पावणेआठला रंजनाचं दार वाजवलं. ती ओट्याशी बोंबील साफ करत होती. मी चप्पल न काढता उभ्याउभ्या सांगितलं — वही नाही, कधी नव्हती. सगळं तुझ्या मुलीने मला दाखवलेलं. तो क्लास लावायला हवा होता हे मला माहीत होतं, आणि मी उलटं बोलले. दोन मिनिटंही लागली नाहीत. रंजनाने हातातला बोंबील खाली ठेवला नाही.

“ताई,” ती म्हणाली, “मंग तवा का नाय बोललात?”

मी वळले. मागे आमचं दार उघडं होतं. पेपर हातात घेऊन हे उंबऱ्यात उभे होते. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

तेजल आतून आली. अर्धी वेणी घातलेली, अर्धी हातात. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, “काकू, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्याबरोबर येत नाही.”

मी जिना उतरले, कळंबोलीच्या रिक्षात बसले. ऑफिसात तिची खुर्ची रिकामी होती. अकरापर्यंत सात गाड्या लागल्या. माझी चलनं लिहिली, मग तिची लिहिली.