अलिडाकाकूंच्या गावातल्या त्रेचाळीस चिठ्ठ्या

शाळेच्या जेवणघरात अलिडा ट्युनिसन यांनी एकतीस वर्षं पोरांना वाढलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या त्या डच वस्तीच्या गावात चाळिशीच्या आतला असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याच्या ताटात त्यांच्या हातचं गाजर पडलेलं नाही. त्या डुकरं पाळणाऱ्या घरातल्या, सहा भावंडांत थोरल्या. नवरा गेरिट दुधाचा टँकर चालवायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. चर्चमध्ये त्या कायम डावीकडे, शेवटून तिसऱ्या बाकावर बसत. चारचौघांत उभं राहून बोलण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांच्या चर्चमध्ये बायकांनी पुढे येऊन बोलण्याची रीतच नव्हती.

अशा बाईने गव्हर्नर एल्डन वेदरबींच्या प्रचाराची गावातली जबाबदारी घेतली, तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली. वेदरबी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागत होते. शहरांत त्यांचं नाव होतं, पण पक्षातल्या जुन्या वळणाच्या, चर्चला जाणाऱ्या मतदारांपुढे त्यांची डाळ शिजत नव्हती. हा माणूस व्यासपीठावर देवाचं नाव घेत नाही, मग हा आपला कसा? चार वर्षांपूर्वी या गावात त्यांना मतांच्या सहाच चिठ्ठ्या पडल्या होत्या. सहावी अलिडाकाकूंची. त्या वर्षी जत्रेत त्यांनी गव्हर्नरांना शाळेतल्या जेवणाबद्दल एक प्रश्न विचारला होता. "मला माहीत नाही, कळवतो," असं ते म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी खरंच त्यांच्या हातचं दोन पानी पत्र आलं. ते पत्र काकूंनी गेरिटच्या बायबलमध्ये ठेवलं होतं.

या वेळी गाव जिंकायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि नेमका प्रचार कचेरीने घोळ घातला. मतदानाच्या आठ दिवस आधी गव्हर्नरांची सभा लावली, ती रविवारी दुपारी दोनला! ज्या गावात रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी कोणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही, पेट्रोलपंपसुद्धा बंद असतो, तिथे.

"बाई, विमानाच्या वेळा ठरल्यात," काकूंनी दिवस बदलायला सांगितल्यावर प्रचारप्रमुख फोनवर म्हणाला.

रविवारी सकाळी सव्वानऊला काकू चर्चचा कोट घालून, बर्फातून चालत सभागृहापाशी गेल्या आणि त्यांनी गव्हर्नरांच्या बसचं दार ठोठावलं.

"गव्हर्नरसाहेब, सभा रद्द करा. आज इथे मत मागितलंत, तर मिळायची ती सहासुद्धा जातील."

दाढीचा साबण पुसत वेदरबी म्हणाले, "मग मी करू तरी काय?"

"साडेनऊला प्रार्थना आहे. येऊन बसा. हात मिळवत फिरायचं नाही, मताचं नाव काढायचं नाही. आणि ते कॅमेरेवाले आत दिसता कामा नयेत."

"साहेब, बाकावर डोळे मिटून बसल्याचा एक फोटो, बस्स!" प्रचारप्रमुख गयावया करू लागला. "अख्खा जिल्हा खिशात!"

वेदरबींनी त्याच्याकडे पाहिलं. "कॅमेरे गावाबाहेर ने. आणि सभा रद्द."

गव्हर्नर शेवटून तिसऱ्या बाकावर बसले. प्रवचन सुरू होताना रिवाजाप्रमाणे काकूंनी पेपरमिंटच्या गोळ्यांची गुंडाळी पुढे केली. एक गोळी घ्यायची आणि गुंडाळी शेजाऱ्याला द्यायची. वेदरबींना वाटलं, भेट आहे. त्यांनी अदबीने मान लववली आणि अख्खी गुंडाळी खिशात टाकली. पलीकडे बसलेले चर्चचे वडीलधारे मार्विन क्रोमेंडाइक पसरलेला हात तसाच घेऊन बसले. दुपारी काकूंकडे वाटाण्याचं सूप झालं, संध्याकाळी पुन्हा दुसरी प्रार्थना. गव्हर्नर एका अक्षराने मत न मागता निघून गेले.

आठ दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी सातला, शाळेच्या जेवणघरात मतदानाला गाव जमलं. प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने एकाने तीन मिनिटं बोलायचं आणि मग चिठ्ठीवर नाव लिहायचं. वेदरबींचे मुख्य प्रतिस्पर्धी असलेल्या सेनेटरसाहेबांच्या बाजूने रँडल बोलला, त्यात बायबलची चार वचनं. वेदरबींसाठी बोलायला बँकेचे मॅनेजर ठरले होते. त्यांचा म्हणे घसा बसला.

"वेदरबींच्या बाजूने कोण?" अध्यक्षांच्या खुर्चीवरून मार्विननी विचारलं. सगळे बुटांकडे बघू लागले.

काकू उठल्या. मग समोर वाढण्याचं टेबल दिसलं, आणि त्या सवयीने त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"रँडल, जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यात मोठ्याने कोण म्हणायचं?"

"मी, काकू."

"आणि गाजरं टेबलाखाली कोण चिकटवायचं?"

जेवणघर खदखदून हसलं. रँडलचे कान लाल झाले.

"एकतीस वर्षं मी इथे उभी होते. तोंडाने कोण काय म्हणतं ते ऐकलं, आणि ताट कसं परत येतं ते पाहिलं. मी ताटावर विश्वास ठेवते. या माणसाला फोटो हवा असता, तर त्या रविवारी फुकट मिळत होता. त्याने कॅमेरे हाकलले. दोन्ही प्रार्थनांना बसला. माझ्याकडे जेवला आणि आपली बशी आपण धुतली. तुम्ही म्हणता, देवाचं नाव घेत नाही. पण देवाला विकतही नाही तो."

"पण माझं पेपरमिंट घेऊन गेला त्याचं काय?" मार्विन म्हणाले.

"निवडून आला की वसूल करा, मार्विनभाऊ. व्याजासकट."

चिठ्ठ्या मोजायला वीस मिनिटं लागली. एकूण अठ्ठ्याहत्तर. मार्विननी चष्मा पुसला. "इतर मिळून सहा. सेनेटर, एकोणतीस. वेदरबी…" ते थांबले, कागद पुन्हा पाहिला. "वेदरबी, त्रेचाळीस."

मागून कोणीतरी टेबलावर चमचा आपटला, मग सगळ्यांनी आपटले. एरवी प्रार्थनेतलं गंभीर तोंड करून बसणारी माणसं पोरांसारखा ठणठणाट करत होती. बँकेच्या मॅनेजरांचा घसासुद्धा एकाएकी सुटला.

आठच्या सुमारास काकूंच्या पर्समधला फोन वाजला. राज्याच्या राजधानीतून गव्हर्नर बोलत होते. मागे जल्लोष चालला होता.

"मिसेस ट्युनिसन, जिल्हा आपला झाला! शेजारचे दोनही. काय सांगितलंत तरी काय लोकांना?"

"खरं तेच," काकू म्हणाल्या. "आणि हे बघा, मार्विनना तुमच्याशी बोलायचंय. पेपरमिंटबद्दल."

फोन मार्विनच्या हातात देऊन त्यांनी कोट चढवला. एकतीस वर्षांत प्रथमच, त्या दिवशी टेबलं दुसऱ्यांनी पुसली.