तंबू मी हलवला नाही

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि हसते. पांढरी साडी, रडणारी कुत्री, मागे वळून न बघणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितेय. कारण जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यावर इतर लोकच मला मतं ऐकवत सुटलेत. एकदा माझ्या तोंडून ऐका.

माझं वय सदुसष्ट. मूळची पुण्याची, लग्नानंतर सिंगापूरला आले आणि इथलीच झाले. एका छोट्या शिपिंग कंपनीत अकाउंट्स सांभाळून रिटायर झाले. नवरा जाऊन चार वर्षं झाली. बिशानच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि मजेत राहते. मुलगा अमेय आणि सून ऋचा बुकित बातोकला असतात. आईने आता आपल्याकडे राहायला यावं, असं अमेयचं म्हणणं. माझं म्हणणं – नाही.

त्यात मी कॅम्पिंगला जाते, हे त्याला अजिबात पटत नाही. हे वेड मला न्यूझीलंडला लागलं. तिथे आम्ही कॅराव्हॅन भाड्याने घेऊन नदीकाठच्या एका पार्कात आठवडाभर राहिलो होतो. नवरा आत पंख्याखाली, गादीवर. मी बाहेर गवतावर, तंबूत. "एवढं भाडं भरलंय, आत झोप की!" म्हणून तो रोज ओरडायचा. सिंगापूरला कॅराव्हॅन कुठून आणणार? पण परमिट काढलं की पार्कात तंबू ठोकता येतो. माझा दोन माणसांचा तंबू ट्रॉलीत बसतो, ट्रॉली MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत बसते. बास.

तर त्या मंगळवारी मी पासिर रिसच्या पार्कात गेले होते. तिथे एक लहानशी नदी समुद्राला मिळते, काठाने खारफुटीचं दाट जंगल आहे. शाळा चालू, त्यामुळे गर्दी नव्हती. माझ्याशिवाय एकच तंबू – एका चिनी अंकलचा. सत्तरीचे असतील. फोल्डिंगच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते.

मी माझा तंबू सकाळीच एका मोठ्या सुरूच्या झाडाखाली ठोकला. दार समुद्राकडे. आठ खुंट्या. माझ्या वेगाने या कामाला अर्धा तास लागतो, मध्ये दोनदा कंबर धरून उभं राहावं लागतं – ते कबूल. अमेयची अट होती की दिवसातून तीनदा फोटो पाठवायचा. दुपारी साडेतीनला फोटो काढला, पाठवला. फोटोत तंबू आहे, सुरूचं खोड आहे, मागे पाणी आहे.

मग स्टीलच्या पेल्यात थर्मासमधला चहा ओतला. काठोकाठ. फार गरम होता म्हणून तंबूतच ठेवला, वाचत होते ते पुस्तक पालथं घातलं, त्यावर चष्मा ठेवला आणि बाटली घेऊन टॉयलेटच्या बाजूला पाणी भरायला गेले. तोंड धुतलं. जाऊन-येऊन पंधरा मिनिटं. वीस नाहीत.

परत आले तर सुरूखाली तंबू नाही.

पहिला विचार आला चोरीचा. सिंगापुरात! मला हसूच आलं. मग नजर पुढे गेली. माझा तंबू नदीच्या बाजूला, झुडपांना लागून उभा होता. मोजली – चाळीस पावलं. आठही खुंट्या गवतात ठोकलेल्या. दोऱ्या ताणलेल्या. दार आता नदीकडे.

आत वाकून पाहिलं. पुस्तक पालथं, त्यावर चष्मा. बाजूला पेला. चहा काठोकाठ, वाफ येत होती. खाली एक थेंब सांडलेला नव्हता.

मी किंचाळले वगैरे नाही. परत सुरूखाली गेले. तिथे मातीत आठ भोकं होती. माझ्याच खुंट्यांची.

तशीच त्या अंकलकडे गेले आणि माझा तंबू कोणी हलवला, असं इंग्रजीत विचारलं. त्यांनी रेडिओ बारीक केला.

"मूव्ह? नो लाह, आंटी. नोबडी मूव्ह. युअर टेंट देअर सिन्स मॉर्निंग, वॉट."

म्हणजे सकाळपासून तिथेच होता म्हणे! मी फोनमधला फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून फोटो पाहिला, सुरूकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. मग फोन माझ्या हातात दिला आणि आपलं सामान आवरायला लागले. अर्ध्या तासात त्यांची जागा रिकामी!

आता मी काय करावं? मी तो चहा प्यायले. माझा चहा होता.

पाच वाजता अमेयला दुसरा फोटो पाठवला. लगेच फोन.

"आई, तंबू हलवलास? कशाला? कंबरेचं काय?"

इथे 'हो, ऊन येत होतं' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मी न केलेलं काम माझ्या नावावर का घ्यायचं? म्हटलं, "मी नाही हलवला. हललेला सापडला."

तो म्हणाला, "तू तिथेच थांब."

तासाभराने तो आणि ऋचा टॅक्सीने हजर. अमेय इंजिनियर आहे. त्याने भोकं पाहिली, अंतर मोजलं, फोटो ताडून पाहिले. म्हणाला, "कोणीतरी मस्करी केली. दोघांनी दोन बाजूंनी उचलला, इथे आणून ठेवला. सिंपल."

"आत पेला होता काठोकाठ."

"जमतं गं, सावकाश उचललं तर."

"मग उचल."

खुंट्या काढल्या. पेल्यात पाणी भरून आत ठेवलं. एका बाजूने अमेय, दुसऱ्या बाजूने ऋचा. तंबू जमिनीवरून सुटताच तळाचं कापड झोळीसारखं लोंबलं, पेला आडवा, पाणी माझ्या अंथरुणात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर थर्मासही गडगडत गेला. ऋचाला हसू आवरेना. अमेय मात्र हसत नव्हता. माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. ती नजर मला ओळखता येते – हिशेब जुळत नसला की माणूस सगळ्यात आधी लिहिणाऱ्यावर संशय घेतो.

"आई... तूच केलं असशील. आणि विसरली असशील."

"पंधरा मिनिटांत? या कंबरेने?"

"तुला वाटतंय पंधरा मिनिटं. तेच तर म्हणतोय मी."

मला तो तंबू हलल्याने जेवढी धडकी भरली नव्हती तेवढी या वाक्याने भरली. कारण हे खरं मानलं तर माझं घर गेलं, तंबू गेला, एकटीने MRT मध्ये बसणंही गेलं. "चल घरी," तो म्हणाला. "परमिट उद्यापर्यंत आहे," मी म्हटलं. ती दोघं गेली. मी खुंट्या परत ठोकल्या, ओलं अंथरूण वाळत टाकलं आणि त्या रात्री त्याच तंबूत, त्याच हललेल्या जागेवर सात तास झोपले.

अमेयने कळवलं असणार, पुण्याहून नणंदेचा फोन आला. वन्सं रडत होत्या. "अगं, दादाच तो! तुझी काळजी आहे त्याला." मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या दादाला जन्मात कधी खुंटी ठोकता आली नाही. वर गेल्यावर शिकले असतील तर माहीत नाही." त्या दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. पण मी त्यांचं तरी का ऐकू? झाडाची फांदी कोसळली असती, नदीला पूर आला असता, तर मीही म्हटलं असतं, कोणीतरी वाचवलं. काही कोसळलं नाही. ते सुरूचं झाड ठणठणीत उभं आहे.

अमेयने माझी मेमरी टेस्ट बुक केली. गेले. तरुण डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्यांनी थांबवलं तेव्हा मी दोनपर्यंत आले होते. "शून्याच्या खाली जाऊ का?" मी विचारलं. त्या अमेयकडे वळून म्हणाल्या, तुमच्या आईची स्मरणशक्ती उत्तम आहे.

खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या स्टॉल्सवर, आम्ही कॉफी घेतली. मी म्हटलं, "झालं समाधान? पुढच्या मंगळवारचं परमिट काढतेय."

तो कप बाजूला सारून म्हणाला, "आई, तू विसरली असतीस तर मला माहीत होतं पुढे काय करायचं ते. तुला सगळं बरोबर आठवतंय, याचीच मला जास्त भीती वाटते."

माझा मुलगा चाळिशीचा आहे. त्या क्षणी सात वर्षांचा दिसला. "मग ये माझ्याबरोबर," मी म्हटलं.

आला. रजा काढून. सुरूखाली तंबू मी ठोकला, तो फक्त खुंट्या देत होता. दिवसभर तंबूवर नजर लावून बसला, जेवतानाही पाठ फिरवली नाही. काहीही झालं नाही. संध्याकाळी त्याने विचारलं, "काय असेल गं ते?"

मला माहीत नाही. त्यानंतर मी तिथे पाच वेळा जाऊन आले, तरी माहीत नाही. भूत म्हणणार नाही, विसरले तर मुळीच म्हणणार नाही. तुमच्यापैकी कोणाकडे तिसरं काही असेल तर जरूर लिहा. फक्त त्याआधी एक काठोकाठ भरलेला पेला तंबूत ठेवा, आणि तंबू चाळीस पावलं नेऊन दाखवा.