पिशवी गेल्यावरचा महिना

माझा महिना अजून येतो. रक्त येत नाही, बाकी सगळं येतं. छाती दगडासारखी होते, ओटीपोटात एका बाजूला कोणीतरी सुई टोचून हळूच फिरवतं, आणि त्या दिवसांत दुकानात माझ्या तोंडी लागायची कोणाची हिंमत होत नाही. "बाये, मिरशी तिखट की तू तिखट?" असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तर त्याच्या हातातली पुडी मी परत काढून घेतली.

मी मूळची चोपड्याची, लग्न होऊन मयेला आले. डिचोलीच्या बाजारात गोणपाटावर बसून सोलं, म्हणजे आमसुलं, आणि मिरच्या विकता विकता दुकान उभं केलं. पहिल्या सांगितलेल्या भावाला मी कधी हो म्हटलेलं नाही. एकच सौदा माझ्याशिवाय झाला आणि तो माझ्याच पोटाचा होता.

गर्भपिशवीत गाठ होती. अंगावरून इतकं जायचं की बसल्या जागेवरून उठायची भीती वाटायची. डॉक्टरने दोन वाटा सांगितल्या: नुसती गाठ काढायची किंवा पिशवीच काढायची. मला आणखी एका डॉक्टरला विचारायचं होतं. पण सासूने, तिला आमच्यात मांय म्हणतात, देवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. माझं रक्त थांबत नव्हतं, म्हणून मला देवळात जाता येईना. ज्या रक्ताचा निवाडा आत चालला होता, त्याच रक्ताने मला बाहेर गाडीत बसवलं. नवरा आणि मांय आत गेली. बाहेर आली तेव्हा मांयच्या तळहातावर पाकळी होती.

"उजवो कौल दिलो गो देवीन. काडून टाक म्हणता."

"तुम्ही विचारलंत काय?"

"पिशवी काडूची काय, म्हणान."

"आणि गाठच तेवढी काढू काय, ते नाही विचारलंत?"

"देवीकडे घासाघीस करूक तो तुझो बाजार काय?"

नवरा हसला.  देवीचा शब्द मोडला असता तर पुढे घरात कोणाला ठेच लागली तरी खापर माझ्यावर फुटलं असतं.

पिशवी गेली. सगळे म्हणाले, आता सुटलीस, आत काही राहिलं नाही. मीही तसंच धरून चालले. मग एका सकाळी सोलं तोलताना ती सुई टोचली. मी धावत जाऊन बघितलं, कपडा कोरडा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माणूस मरून जावं आणि त्याच्या जेवायच्या वेळेला रिकामा पाट सरकल्याचा आवाज यावा, तसं व्हायचं. कधी कधी तर रक्ताचा वासही यायचा. मी वेडी होत चालले आहे की काय, हे कोणाला विचारणार?

मांयने माझा चेहरा बघून ओळखलं. "कायतरी लागलां तुका. परत कौल लावया."

मी तिला काही न सांगता एकटीच म्हापशाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागदावर चित्र काढलं. मधे पेरू उलटा धरावा तशी पिशवी, दोन्ही अंगांना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकांशी बदामाएवढी दोन अंडाशयं. पिशवी दर महिन्याला आतून अस्तर घालते आणि गर्भ राहिला नाही की ते रक्तावाटे सोडून देते. पण महिना चालवतात ती अंडाशयं.

मग पोटावर थंडगार जेल लावून त्यांनी मशीन फिरवलं. पडद्यावर करडा धूर दिसत होता.

"ही बघा. दोन्ही आहेत."

"पडली नाहीत? पिशवी नाही तर ती लटकतात कशाला धरून?"

"बाजूनेही धरलेली असतात. बीज अजून पिकतं, फुटतं."

"आणि जातं कुठे?"

"कुठे नाही. पोटातच जिरतं."

 दर महिन्याला एक बीज बाहेर पडायचं आणि त्याला जायला घरच उरलं नव्हतं.

घरी आले तेव्हा मांय विळीवर नारळ खवत होती. दुसऱ्या दिवशी कौल लावायचं देवळात सांगूनही आली होती. मी उभ्या उभ्या सुरू केलं. मला कुठलं भूत लागलेलं नाही, माझाच महिना अजून येतो, तुम्ही मला न विचारता काढलंत आणि काय राहिलं तेही विचारलं नाहीत. आवाज शेजारी गेला असेल. तिचा हात थांबला.

"पिशवी नसताना पण येता?"

"येतो. अंडाशयं ठेवली असली तर."

तिने नारळाची वाटी खाली ठेवली. माझ्या नणंदेच्या वेळी मांय बाळंत झाली तेव्हा रक्त थांबेना, म्हणून इस्पितळात मांयचीही पिशवी काढली होती. तेव्हा ती माझ्या आताच्या वयापेक्षा खूप लहान होती. हे मला त्या दिवशी कळलं.

"माका घाड्याकडे व्हरीत," ती म्हणाली. घाडी म्हणजे भूत उतरवणारा. "दर म्हयन्याक, पोटात दुखूक लागला काय. वेतान मारी तो. म्हणी, कोण तू, नाव सांग. मी काय सांगू? मग वाड्यावरची एक बायल बुडान मेल्ली, तिचां नाव मी सांगी. नाव घेतला काय मार थांबय."

"मग?"

"मग तिच्याच घरच्यांच्या दारात कोण जायना. तिच्या चेडवांक सोयरीक येयना." ती विळीच्या पात्याकडे बघत राहिली. "तिणां कायेक केल्ला नाय गो."

मी भांडायला आले होते. तिच्यासमोर खाली बसले. मी तिला माफ केलेलं नाही, अजूनही नाही. पण कौलाचं तिनेच देवळात निरोप पाठवून मोडलं. नवऱ्याने का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बायकांचां आसा."

परवा तो दिवस आला. मी दुकान लवकर बंद करून घरात आडवी झाले होते. मांय येऊन शेजारी बसली.

"खंयच्या कुशीक?"

मी हात ठेवून दाखवलं. तिने स्वतःच्या लुगड्यावरून तिथेच हात ठेवला.

"माझां पण थंयच येय," ती म्हणाली.